खिशातला कॅमेरा आणि गळ्यातलं धूड

आटपाट द्वारका होती, देशाच्या राजधानीतली, तिथे मी आणि फोटो काढणारी माझी नात सई राहत होतो. तिला लग्नाचं पहिलंच काम मिळणार होतं. नवरीचे वडील घरी आले आणि तिचा खिशात मावणारा नवा कॅमेरा बघून खेकसले, “ये खिलौना? बड़ा वाला लाओ, वरना रहने दो!”

मोठा होता तिच्याकडे, पण जुना, बंद पडलेला. पोरगी रडकुंडीला आली. माझं डोकंच फिरलं. ते गेल्यावर म्हटलं, “सई, ते मेलेलं धूड गळ्यात अडकव आणि फोटो छोट्यानंच काढ!”

तिनं तसंच केलं. फोटो बघून हे महाशय मलाच शिकवतात, “देखा अम्माजी? बड़ा कैमरा बड़ा ही होता है!”

अस्सा संताप आला! तोंड उघडणार, तेवढ्यात म्हणाले, “छोटी की शादी भी सई बिटिया ही शूट करेगी.”

गिळला राग. पोरीचं बस्तान बसलं ना!