एसीवर ओली गोधडी

मे महिन्यात त्या दिवशी पाचवा एसी दुरुस्त करायले मी गोंडपिपरीले गेलो. शेवंताबाईनं फोनवर सांगितलं होतं, "भाऊ, पाच मिनिटं चालते, मंग कोड दाखवून बंद पडते. आमचा बुढा लकव्यानं पडून आहे, त्याले उकाडा सहन होत नाई."

त्या कोडचा अर्थ, बाहेरच्या युनिटची गरमी निघत नाई. मागं जाऊन पाहतो तं युनिटले चारी बाजूनं ओली गोधडी बांधलेली.

"बाई, हे काऊन?"

"ऊन किती आहे भाऊ! त्याले बी लागत असंल ना."

रागवायची बी ताकद नव्हती. गोधडी सोडली, जाळी धुतली, हवा खेळंल अशी वर हातभर उंच तट्ट्याची सावली करून देली. एसी सुरू केला. कोड गेला. गार हवेत बुढ्याले झोप लागली.

बाई माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाली, "भाऊ, घडीभर बसा."

बसलो, अन् तिथंच फरशीवर झोपलो. जाग आली तं बाई माझाच फोन कानाले लावून कोण्या गिऱ्हाइकाले सांगून राह्यली होती, "भाऊ सध्या बंद आहेत जी. लय गरम झाले होते."