खाऱ्या पाण्यावरचा वाफा

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरील चिटणीसबाई, पाहुणेमंडळी, मैदानावर राबणारे माझे सहकारी, आणि आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती, ज्यांना तुम्ही सगळे 'साहेब' म्हणता आणि मला घरी 'मामा' म्हणावं लागतं, ते माझे सासरे,

बाईंनी मला चार शब्द बोलायला सांगितलंय. आता जावयाने सासऱ्याबद्दल चारच शब्द बोलून खाली बसायचं, एवढा संयम माझ्या अंगी नाही. तेव्हा थोडं सोसून घ्या.

समुद्र इथून हाकेच्या अंतरावर. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, पाणी खारटच लागतं. असल्या पाण्यावर साधं गवत शेंड्याकडून करपत जातं. मामांनी काय केलं? खाडीकाठचं गवत आणून पंपघरामागच्या वाफ्यात लावलं आणि दर हंगामात त्याला थोडं जास्त खारं पाणी पाजलं. मेलं ते उपटून फेकलं, उरलं ते वाढवलं. त्या एका वाफ्यातून हे सबंध मैदान हिरवं झालं. परगावचे खेळाडू बूट काढून त्यावर चालून बघतात, हे काही खोटं नाही. वाजवा टाळ्या, मामांना आवडतात.

माणसांच्या बाबतीत त्यांची रीत काही वेगळी होती का? मागच्या रांगेला विचारा. बघा, माना खाली गेल्या. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाले, "तू गोड्या पाण्यावरचा दिसतोस. टिकलास तर बघू." टिकलो. इतका टिकलो की लेक दिली.

पाहुण्यांसाठी एक सांगतो. खारं पाणी कधी अर्धवट द्यायचं नाही. भरपूर सोडायचं, म्हणजे मीठ मुळांच्या खाली उतरतं. मध्येच नळ बंद केला तर मीठ वरच राहतं आणि गवत जळतं. एका उन्हाळ्यात मी असंच पाणी देत होतो, दुसऱ्या दिवशी मोठा सामना होता, आणि घरून निरोप आला की आईचं काही खरं नाही. मी मामांकडे रजा मागायला गेलो. मामा म्हणाले, "तुझी आई थांबेल. मीठ थांबायचं नाही."

आई थांबली नाही. सामना मात्र उत्तम झाला.

असो. आनंदाच्या प्रसंगी हे कशाला उकरायचं?

मामांच्या जागी समितीने माझी नेमणूक केली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता माझ्याच सूचनेवरून मैदानावर कृत्रिम हिरवळ बसणार आहे. प्लास्टिकला खारं काय नि गोडं काय. हे ऐकून मामा भांडले नाहीत. घरी जेवता जेवता एवढंच म्हणाले, "मैदानाचं काय ते करा. तेवढा वाफा ठेवा. मी येऊन पाणी घालत जाईन." मामांनी आयुष्यात माझ्याकडे काही मागितलं, ते एवढंच. मी म्हटलं, बघू.

वाफ्याच्या फाटकाला कुलूप आणि किल्ली मामांच्या खिशात. ऑफिसात जमा करा म्हटलं तरी करेनात. आज सकाळी त्यांनी सत्कारासाठी नवा सदरा घातला आणि किल्ली जुन्या सदऱ्यात राहिली. त्यांच्याच लेकीने ती काढून माझ्या हातात दिली. मीच तिला म्हटलं होतं, मामा आज गडबडीत असणार, वाफ्याला पाणी मी देतो. अगं, तू कशाला डोळे पुसतेस? तुझा काय दोष?

तर मंडळी, मघापासून बाहेर जी घरघर चालली आहे ती जनरेटरची नाही. अध्यक्षांनी दोनदा वळून पाहिलं म्हणून खुलासा करतो. ट्रॅक्टर आहे. मामा, बसा, हार निसटेल. वाफा तो केवढा, एका खोलीएवढा. स्वागतगीत संपेपर्यंतच उलथून झाला असणार. आता त्यावर खडी पसरतायत.

समितीने विश्वास टाकला, चिटणीसबाईंनी नेटका समारंभ घडवला, तुम्ही एवढ्या उन्हात आलात, सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही उणंअधिक निघून गेलं असेल तर मोठ्या मनाने पोटात घाला.

आता सत्काराला उत्तर द्यायचंय. मामा, हा घ्या माईक. सावकाश बोला. तुम्हाला आता कुठे जायचं नाही.