अडकलेलं बटण

कानाच्या डॉक्टरांकडे नंबराची वाट पाहणाऱ्या बाईंच्या एका कानात कापूस होता. दुसरा कान शेजारच्या नणंद-भावजयींकडे लागला होता.

"दादाच्या विमानाचा रेडिओ बिघडला म्हणे, वहिनी?"

"बिघडला कसला! बोलायचं बटण अडकलं. यांना काही ऐकू येईना, पण यांचं बोलणं सगळ्या आकाशाला ऐकू जातंय."

"अगं बाई! आणि खाली टॉवरमध्ये आपली पोर?"

"तीच ड्यूटीवर. जन्मात तिला तोंडावर शाबास म्हटलं नाही या माणसाने. नोकरी लागली तेव्हासुद्धा म्हणाले, बघू किती दिवस टिकतेस."

"तिला किती लागलं होतं ते!"

"आणि त्या दिवशी को-पायलटला सांगतायत, 'खालचा तो आवाज माझ्या मुलीचा. ती सांगेल तिथे मी डोळे मिटून विमान उतरवीन.'"

"सगळ्यांनी ऐकलं?"

"उतरायला थांबलेल्या एकूण एक विमानांनी!"

"रडली असेल गं पोर."

"रडायला वेळ कुठे? यांच्या बडबडीत तिला कुणाशी बोलताच येईना. तिने यांच्या कंपनीला फोन लावला आणि विमानातल्या दुसऱ्या रेडिओवर निरोप धाडला, 'बटण बघा.' तेव्हा कुठे ते सुटलं."

"बाई, तुमचा नंबर," नर्सने हाक मारली.

"थांबा हो जरा!" बाई म्हणाल्या.

"मग, वहिनी?"

"मग यांनी विचारलं, 'टॉवर, आता येतोय का माझा आवाज?'"

"ती काय म्हणाली?"

"'मघापासून स्पष्ट येतोय, कॅप्टन.'"