ईरण्णाचं ताट

आवं, गाडी राहू द्या तितंच, बांधावरनं कोण न्हेतंय — आज येळ अमावशा, आमची येळवस, रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून शेतात जेवू घालायचं, ही आमच्या सास्तूरची रीतच हाय. उमरग्याला घंटाभर उशिरा पोचलाव तर कोण फाशी देतंय का? बसा. ह्यो घ्या पाण्याचा तांब्या. पर त्या कडब्याच्या कोपीत जायच्या आदी माजं जरा ऐका — आत आमचं मालक बसलेत, आन् त्यांच्या पुढं दोन ताटं हायत. एक त्यांचं. दुसरं ईरण्णाचं. तुमाला त्या दुसऱ्या ताटावर बसायचंय.

कोण म्हणजे? मालक फौजेत व्हते, कारगिलच्या लढाईला. ईरण्णा त्यांच्याच तुकडीतला, आळंदकडचा, कानडी. तिकडंबी येळवस असती, मग काय — त्या डोंगरावर बसून दोघं भांडायचे, आंबील कुणाची चांगली, तुमची का आमची. शेवटी ठरलं, लढाई सरली की येळवशीला ईरण्णानं हितं यायचं आन् चाखून बगायचं. त्यो लढाईतच गेला. मालक घरी आले, आन् पयल्या सालापास्नं दुसरं ताट वाढायलेत.

येडं न्हाईत हो ते. इतर दिवशी बरे असतेत — ज्वारी राखतेत, पेपर वाचतेत, नातीला गणितं शिकवतेत. पर आज सकाळी शेजारच्या बलभीमच्या शेतात घरची सगळी माणसं येळवशीच्या रीतीनं आंबील शिंपत, वरडत कोपीभोवती फिरली, तर हे ज्वारीत पालथं पडले, डोकं हातात धरून. म्या उठीवलं, माती झाडली. तर म्हणतेत, पाणी संपलंय. आपण म्हणतो पंचवीस सालं उलटली — त्यांच्यासाठी ती सकाळ सरलीच न्हाय बगा. ईरण्णा पाण्याचा डबा उचलतोय. रोज उचलतोय.

त्या दिवशी पाणी आणायची पाळी मालकाची व्हती. गेला ईरण्णा. खाली नाल्यावर पोचलाच न्हाय, वाटंतच गोळी लागली. आता ह्यांच्या डोक्यात तेच — म्या म्हणलो का, तू जा म्हणून? का त्योच उठला? कवा म्हणतेत, म्याच धाडला. कवा म्हणतेत, कुणीच कुणाला धाडलं न्हाय, व्हायाचंच व्हतं, आमी नुसतं हाललो. म्या म्हणते, बरं असंल तसंच, जेवा आता. जेवत न्हाईत. त्या ताटावर कुणी बसल्याबिगर घास उचलत न्हाईत, आन् साखर लई वाढलीय त्यांची — गेल्या येळवशीला कुणी पावणा गावला न्हाय, तर दिवस मावळता चक्कर येऊन बांधावर पडले. हातातनं जातेत का काय वाटलं मला.

म्हणून म्हणते. तुमचं नाव काय का असंना, ईरण्णा म्हणले तर व्हय म्हणा. तू का गेलास, असं इचारलं तर येवढंच बोला — म्या माज्या मनानं गेलो, मला कुणी धाडलं न्हाय. खोटं? तुमाला काय ठावं खोटं हाय म्हणून? मलाबी न्हाय ठावं. त्यांनाबी न्हाय.

आं? ईरण्णाच्या घरच्यायला काय वाटंल? — त्यांचं म्या कशाला बगू? आता टोकलंतच तर सांगते, पोटच्या लेकीलाबी बोलले न्हाय हे. ईरण्णा गेला त्याचं मला दुःख न्हाय. पाळी बदलली म्हणून माजं कुकू ऱ्हायलं. त्याच्या ताटात भज्जीची पातळ भाजी, बाजरीचे उंडे सगळ्यात आदी वाढते म्या, लोकं म्हणतेत केवढी माया — माया कसली? गेला ते बरं झालं, असं येतं मनात. देवापुढं हात जोडले तरी पयलं तेच येतं. लाज वाटती, रडते, आन् दुसऱ्या दिवशी पुन्यांदा तेच—

आवं... तुमी कवा आलाव कोपीभाईर? — काय न्हाय, पावण्याला जेवाय बोलवत व्हते... व्हय. म्हणलं. म्याच म्हणलं. — असं नगा बगू माज्याकडं. शिव्या द्या, पर असं नगा बगू. — काय? कुणाचं नाव? ईरण्णाच्या बायकूचं?

...न्हाय ठावं. कवा इचारलंच न्हाय म्या.

पावणं, तुमी जावा आता.