चार बोटं खाली

मी टोकावड्याच्या पुढचा, वैशाखऱ्याच्या अलीकडे रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव. घर आजोबांनी बांधलेलं. सागाचे खांब, कारवीच्या कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या भिंती, वर कौलं, पुढं ओटी, मध्ये माजघर, मागं रांधायची जागा आणि पडवी. मी गवंडी. दहावी झालो, पुढं शिकायचं होतं, पण बाबा गेले आणि हातात थापी आली. पुस्तकं मात्र सुटली नायत. मुरबाडला कामाला गेलो की वाचनालयातून एक आणायचो आणि संध्याकाळी हिराला, म्हणजे माझ्या बायकोला, वाचून दाखवायचो. ती चौथी शिकलेली, पण ऐकायची अशी की दोन पानं गाळली तर लगेच पकडायची. म्हणायची, अहो, गोष्टीतली ती मगाची म्हातारी कुठं गेली, खाल्लीत काय?

काय सांगू तुमाला, चूल तेव्हा जमिनीवर होती. धूर इतका की मी उंबऱ्याबाहेर बसून वाचायचो आणि ती आतून ओरडायची, मोठ्यानं वाचा. मग तिचे गुडघे धरले. चुलीपुढून उठताना खांबाला धरून उठायची. एकदा मी म्हटलं, हात देऊ का गो, तर म्हणाली, हात नको, ओटा द्या. जगाच्या सुना तुमच्या ओट्यावर रांधतात आणि गवंड्याची बायको बसलीय जमिनीवर.

ते लागलं मला. आता ओट्याचं माप कसं घेतात, आमच्याकडे मी तरी असंच घ्यायचो, घरच्या बाईला भिंतीपाशी उभं करायचं, भाकरी थापतेस तसे हात धर म्हणायचं आणि कोपराच्या चार बोटं खाली खूण करायची. हिरा बुटकी. खूण इतकी खाली आली की मला हसू फुटलं. म्हणाली, हसता काय, उंच बायको हवी होती तर बघायला आलात तेव्हाच टेप आणायचा होता. मग दोरी गेरूत भिजवली, तिनं एक टोक धरलं, मी दुसरं, ताणून भिंतीवर मारली. लाल रेघ उठली, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. त्या रेघेला कडप्पा बसवला, शेजारी खिडकी पाडली. धूर गेला, गॅस आला, आणि मी आत बसून हळू आवाजात वाचायला लागलो. बरीच वर्षं तसं चाललं. कडप्पा तिच्या हातांनी घासून गुळगुळीत झाला.

हिरा गेली. त्याबद्दल जास्त नाय बोलत मी.

वर्षश्राद्धाला दादा कल्याणहून आला, जेवला, आणि म्हणाला, घर विकू या, बंद घराला वाळवी लागते. मी म्हटलं, बंद कुठं, मी राहतो ना. म्हणाला, तू एकटा म्हणजे बंदच रे. घर दोघांचं, त्याचा हिस्सा घ्यायची माझी ऐपत नाय. केली सही.

घेणारे मुंबईचे. त्यांना पाहुण्यांसाठी गावचं जुनं घर करायचं होतं. त्यांनी नेमलेल्या मॅडम आल्या, हातात नकाशा. बाई वाईट नव्हती, ते सांगून ठेवतो. म्हणाली, काका, हे घर मूळ जसं होतं तसं करायचंय, आणि ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. मग एकेक विचारत गेली. माजघरातली ही भिंत? दादाच्या लग्नात घातली. पाडा. ही लादी? मीच बसवली. काढा, खाली शेणाची जमीन येईल. मी शाळेतल्यासारखा पटापट उत्तरं देत होतो.

ओट्यापाशी आली. हात फिरवला. म्हणाली, किती बुटका आणि किती सुंदर, हा तर फार जुना असणार. आणि मी, गवंडी ना, आपल्या हातचं काम दुसऱ्याच्या नावावर जाऊ द्यायचं नाय ही आमची खोड, छाती काढून म्हटलं, नाय नाय, हा माझ्या हातचा. तिनं नकाशावर फुली मारली. म्हणाली, मग जाईल हा.

एवढंच. आजोबांनी बांधला म्हटलं असतं तर आज उभा असता.

मी म्हटलं, मॅडम, वापराला बरा आहे, असू द्या. ती म्हणाली, काका, वापरायला मागं पडवीत नवीन ओटा करतोय, गॅस तिथंच, बाया उभ्यानं रांधतील. इथं चूल हवी, पाहुण्यांना बघायला. म्हणजे बघा, जी चूल हिराच्या गुडघ्यांपायी सुटली ती परत आणायची, आणि तिच्यापुढं कुणी बसायचंसुद्धा नाय.

ओटा मीच फोडला. दुसऱ्याची पहार त्याला लागू दिली नाय. अर्धा दिवस गेला, माझंच काम, असं सहज कशाला तुटेल. कडप्पा निघाला, मागचं सिमेंट पडलं, आणि जुन्या मातीच्या भिंतीवर ती लाल रेघ. जशीच्या तशी. मी पहार खाली ठेवली. मॅडम धावत आली. काका, ही गेरूची पट्टी! ही मूळची आहे?

या खेपेला मी शिकलो होतो. म्हटलं, हो, आजोबांच्या वेळची. पूर्वी चारी भिंतींना असायची.

तिनं चारी भिंतींना तशी रेघ मारून घेतली. पाहुणे त्या रेघेपुढं उभे राहून फोटो काढतात म्हणे. खोटं बोललो त्याचं मला काय वाटत नाय. घर त्यांना लाभो, माझं काय म्हणणं नाय.

मी आता रस्त्याला लागून एका खोलीत राहतो. मॅडम कडप्पा न्या म्हणाल्या, तो आणला, भिंतीला टेकवून ठेवलाय. शेगडी जमिनीवर. शेजारचे म्हणतात, गवंडी असून वाकून रांधता, कडप्पा आहे, एक ओटा घाला की. बरोबर आहे त्यांचं. पण माप घ्यायला भिंतीपाशी उभं कुणाला करू?