आमच्या घराण्यात नाही असलं

चूक बाबाची. नीळकंठबाबू, मध्य प्रदेशातल्या बालाघाटात सरकारी नोकरी, मोठं नाव. पहिलेच सांगून टाकतो, नाहीतर मागून तुम्ही म्हणान, पोरगा शेवटी बापावर घसरला. मी सुरुवातीलेच घसरतो.

आता तुमाले सांगतो, माही छाती... हसू नका, हसायचं पुढं आहे... माही छाती चौदाव्या वर्षापासून पोरीवाणी. बाकी सारा मी काडी, हात काडी, पाय काडी, अन मधात हे. दोन बनियनी, वरून शर्ट, भर उन्हाळ्यातही, दोस्त वैनगंगेत उड्या मारून राह्यले अन मी काठावर त्याइच्या चपला सांभाळून राह्यलो. कॉलेजात एनसीसीचे सर म्हणे, "चलो, शर्ट उतारो, सीना नापना है." उतारला. मागच्या लाइनीतून आवाज, "सर, इसको लेडीज टेलर के पास भेजो." शर्ट घातला, सायकल काढली, घरी आलो, ते कॉलेज आजपर्यंत पाह्यलं नाही. बाबा म्हणे, "काहून सोडलं?" म्हटलं, "मन नाही लागत." म्हणे, "मन! आमच्या वेळी मनाले कोणी विचारत नव्हतं."

अन हाच बाबा, पंच्याऐंशीच्या मे महिन्यात, लाइट गेलेली, सारा मोहल्ला उघडा बसलेला, हा एकटा बनियन घालून. आंघोळीले दार लावून, आतून कडी. मले डाऊट आला. म्हटलं, याच्या छातीवर कोण्या बाईचं नाव गोंदलं असन. आईले विचारलं तर ती वांगेच चिरत राह्यली. मंग तर डाऊट पक्काच झाला.

तशात लग्न जमलं. राजेगावची शीला. मले पाहून हौ म्हणे. काहून हौ म्हणे? ना डिग्री, ना नोकरी, वरून माहं तोंड हे असं. मले डाऊट आला. पण खरी पंचाईत हळदीची. हळद आमच्या गावी, रामपायलीले. आमच्यात नवरदेवाले पाटावर उघडा बसवतेत, अन साऱ्या बाया गळ्यापासून पोटापर्यंत चोळतेत, अन मंग तीच उष्टी हळद घेऊन चार बाया नवरीच्या घरी जातेत. मतलब माह्या छातीची बातमी हळदीसंगं एकाच बसनं राजेगावले पोचणार. शीला ऐकन, मंग काय, अक्षता टाकन काय माह्यावर?

बाबाले सांगितलं. पेपर न हटवता म्हणे, "नागपूरले दाखवू." एका झटक्यात. सायकलची ट्यूब बदलायले तीन महिने विचार करणारा माणूस... मले डाऊट आला.

नागपूरच्या डॉक्टरनं पाह्यलं, दाबलं, म्हणे, "अहो, हा रोग नाही. पुष्कळ मुलांना असतं. नाही काढलं तरी चालतं." नाही काढलं तरी चालते? दुकानदार कधी म्हणते काय, नका घेऊ म्हणून? मले त्याच्यावरही डाऊट आला. मंग तो बाबाकडं वळला. "तुमच्या घराण्यात आहे का कुणाला? तुम्हाला? असेल तर बिनधास्त सोडून द्या. नसेल तर मात्र काढून तपासलेलं बरं."

बाबानं वर पंख्याकडं पाह्यलं. पंखा बंद होता. म्हणे, "आमच्या घराण्यात नाही असलं."

अन जिथं डाऊट यायले पाहिजे होता, तिथं नाही आला.

काढलं. दोन्हीकडून. टाके, ताप, छातीभर पट्टी. तपासणीत काहीच निघालं नाही. डॉक्टर म्हणे, "महिनाभर इथे हळदबिळद लागू द्यायची नाही." हळद अठरा दिवसांवर.

रामपायलीत पाटावर बसलो बनियन घालून, आत पट्टी खाजून राह्यली. बाबाची मोठी बहीण, मैनाआत्या, वाटी घेऊन आली. म्हटलं, "आत्या, बनियन नाही काढत. वरूनच लाव." वाटलं आता गोंधळ होते.

आत्या म्हणे, "काढ कोण म्हणते बाप्पा? तुह्या बापाले बनियनीवरूनच लावली होती, तुह्या आज्याले बंडीवरून. साऱ्याइच्या छात्या बायाइवाणी, घराणंच तसं. तुले कोणी सांगतलं नाही काय?"

मांडवात बाबाले गाठलं. म्हटलं, "डॉक्टरनं विचारलं तवा बोलला काहून नाही?"

म्हणे, "परक्या माणसासमोर काय सांगाचं रे? माणसाची काही इज्जत असते." अन वर पाहाले लागला. मांडवात पंखा कुठून येईन?

लग्न झालं. शीलानं व्रण पाह्यले. म्हणे, "हे काहून केलं? मैनाआत्यानं मले साक्षगंधाले, लग्न ठरलं तवाच, सांगितलं होतं."

बाबा आजही बनियन घालूनच झोपते. माहं कॉलेज गेलं ते गेलंच. अन छातीची चामडी दोन्हीकडून बधिर झाली, शीलानं हात ठेवला तरी समजत नाही.