हंसाचे लाल पाय

...आणि वर मलाच म्हणतो, "मावशी, पाटी धोकादायक आहे, उतरवावी लागेल!" अहो, धोका कसला? लग्नाआधीपासून हाँगकाँगातल्या शाम शुई पोच्या या रस्त्यावर लोकांच्या डोक्यावर लटकत होता माझा हंस, वादळात समोरच्याचं छप्पर गेलं, याचं पीस हललं नाही, आणि कालचा सरकारी पोरगा मला धोका शिकवतो! तुम्हाला सांगते, शाळेचं तोंड मी पाहिलं नाही, अक्षरं शिकले ती याच रस्त्यावरच्या पाट्या वाचून, मान वर करकरून... मानेचं दुखणं तेव्हापासूनचं!

भाजलेल्या हंसाचं दुकान आमचं, म्हणून दारावर दिव्यांचा हंस. अंग हिरवं, पाय लाल. घडवला तँग सिफूनं, सिफू म्हणजे उस्ताद, काचेची नळी जाळावर धरून, फुंकून, वाकवून. तो म्हणायचा, "वहिनी, हिरव्या अंगात आर्गॉन आणि पाऱ्याचा थेंब, त्याला थंडी बाधते. पायांत निऑन. निऑन खानदानी, कुणात मिसळत नाही! म्हणून टिकतो." मी म्हटलं, "म्हणजे माझ्यासारखाच की!" तर मेला म्हणतो, "हो, पण तो गप्प असतो."

खरंच, थंडी पडली की अंग मालवल्यासारखं व्हायचं आणि नुसते दोन लाल पाय हवेत! लोक हसायचे. हसोत! त्या पायांवरच तर आमचा म्हातारा घर गाठायचा. क्वोक-हेई, माझा नवरा. डोकं रिकामं झालंय हो त्याचं... लेकाचं नाव गेलं, माझं गेलं, जन्मभर हंसाच्या पोटात भरला तो मसालासुद्धा गेला. पण दुपारचा चहा सुटत नाही. बाहेर पडायचा, दिवेलागणीला मान वर करायचा, लाल पाय दिसले की वळायचा. हे मी त्या पोराला सांगितलं. म्हणतो, "मावशी, नियमात म्हातारे बसत नाहीत."

आणि आमचा चुन-यिप! पोटचा पोरगा! म्हणे, "आई, एलईडी लावू, भिंतीला सपाट." मी म्हटलं, "निऑन काय मेला का रे?" तर म्हणतो, "मेला कुठे? चिपा कोरायच्या लेसरांत भरतात आता." मग माझ्याच हंसात का नको? "लेसर रस्त्यावर लटकत नाही, आई!" घ्या!

क्रेन आली. दोरी सुटली, पाय कठड्याला लागले आणि... फट्ट! मला वाटलं, काहीतरी होईल, धूर, वास, निदान फुस्स तरी! काही नाही. तँग सिफूनं टोपी काढली. म्हणाला, "रडू नका वहिनी, निऑन हवेतूनच काढला होता, हवेतच गेला." अहो पण इतकी वर्षं माझ्या दारात राहिला, आणि जाताना 'येतो' म्हणायची रीत नाही? पण कुठला म्हणायला... कुणात मिसळत नाही ना!

मग लागला तो एलईडी. पांढराफटक. म्हाताऱ्यानं पाहिला, विचारलं, "इथे दात काढतात का?" आणि गेला की सरळ पुढे! चुन-यिप एका बाजूला, मी दुसऱ्या. सापडला मासळीबाजारामागे, मान वर करून, आभाळात पाय शोधत. मी हात धरला तर झिडकारला... "तुम्ही कोण बाई?"

तुम्हाला सांगते, मी कुणापुढे वाकलेली बाई नाही. पण आता रोज दिवेलागणीला आमच्या चिनी नव्या वर्षाला शकुनाची म्हणून घालायची ती लालभडक विजार चढवते, नाक्यावर स्टूल मांडते, त्यावर उभी राहते आणि ओरडते, "अहो, इकडे! इकडे वळा!" या वयात! खालून माणसं जातात, फोटो काढतात. काढोत! मी खानदानी, मी कुणात मिसळत नाही!

आणि तो येतो बरं का. लाल दिसलं की वळतो, मुकाट मागे येतो. काल जिना चढताना मात्र थांबला, शेजारणीला हळूच म्हणाला, "पहिला हंस बरा होता हो... हा फार बोलतो."